मांगा साठवून हाणायचा का दर रविवारी एकेक घास घ्यायचा

मागच्या मे महिन्यात मी अटॅक ऑन टायटन हा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, साडेतीन दिवसात संपवला. १३९ चॅप्टर, ३४ व्हॉल्यूम, म्हणजे पुस्तकं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलरमधे पाणी टाकायचं आणि परत गादीवर आडवं व्हायचं, एवढंच काम. चौथ्या दिवशी मामेभाऊ घरी आला. त्यानं हाच मांगा वर्षानुवर्षं महिन्याला एक चॅप्टर असा वाचला होता, आणि २०२१ च्या एप्रिलमधे शेवटचा चॅप्टर आला तेव्हा म्हणे दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. तो मला सहज म्हणाला, काय बे, तो टकला दारुडा कमांडर कसा वाटला तुला? मी म्हटलं, कोण?

खरंच आठवेना. चौतीस व्हॉल्यूम पोटात आणि त्या कमांडरचा, पिक्सिसचा, चेहरा डोळ्यासमोर येईना. मामेभाऊ हसला आणि म्हणे तू वाचला नाही भाऊ, तू गिळला.

पण थांबा, गोष्ट इथं संपत नाही. बोलता बोलता कळलं की मधला जो राजकारणाचा, राजा-बिजा बदलायचा भाग आहे तो ह्या शहाण्याच्या डोक्यावरून गेला होता. कारण तो भाग मासिकात दीड वर्षाच्या वर चालला, दर महिन्याला एक तुकडा, आणि मागच्या महिन्यात कोण कोणाच्या बाजूनं होतं तेच तो विसरून जायचा. मला मात्र तो भाग एका दुपारी सरळ रेषेत कळला. म्हणजे दोघांनी तीच पानं वाचली, आणि दोघांच्याही हातून काहीतरी सांडलंच.

तेव्हापासून मी हे डोक्यात पक्कं केलंय की "मी बिंजवाला" (साठवून सलग वाचणारा) किंवा "मी वीकलीवाला" (दर आठवड्याला एक चॅप्टर वाचणारा) असं स्वतःला लेबल लावायचं नाही. मालिका बघून ठरवायचं. कोणती मालिका कशी वाचायची आणि वाचताना काय सांभाळायचं, ते मला जसं जमलं तसं खाली लिहून राहिलो. शास्त्र वगैरे नाही, अनुभव आहे.

आधी मालिका कोणत्या तालाची आहे ते बघा

शोनेन जंपसारख्या जपानी साप्ताहिकात एक चॅप्टर साधारण १९ पानांचा असतो. जंप १९६८ साली पाक्षिक म्हणून सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक झालं. तिथली पद्धत अशी की अंकासोबत वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं, कोणत्या मालिका आवडल्या ते लिहून पाठवायचं, आणि ज्यांचा नंबर सारखा खाली राहतो त्या बंद पडतात. आता विचार करा, मांगा काढणाऱ्या माणसाला दर आठवड्याला परीक्षा द्यायची आहे, तर तो काय करेल? १९ पानात काहीतरी धमाका करेल आणि शेवटच्या पानावर तुम्हाला लटकवून ठेवेल. दार उघडतं, कोणाचा तरी पाय दिसतो, चॅप्टर खलास. हे लटकवणं सात दिवस टिकावं म्हणून केलेलं असतं, आणि आपण बिंजमधे ते सात सेकंदात उडवतो.

म्हणून साप्ताहिक मांगा सलग वाचला की कधीकधी धाप लागते. प्रत्येक १९ पानांनंतर कोणीतरी ओरडतंय, कोणीतरी दारात उभं आहे, कोणीतरी "तू... तूच तो!" म्हणतंय. मांगाची चूक नाही त्यात, तो तसा खायचा पदार्थच नाही. तर्री नुसती वाटीत घेऊन प्यायली तर घसा जळणारच ना, पोह्यावर टाकून खायची असते ती.

मासिकातल्या मालिकेचं वेगळं. चॅप्टर चाळीसेक पानांचा असतो, त्यात माणूस चहा पितो, पाऊस पडतो, दोन पानं कोणी काही बोलतच नाही. असा मांगा सलग वाचायला फार बरा, पण महिन्याला एक वाचायचा तर मधे सगळं विसरतं. ह्या दोन्हीच्या मधे पंधरवड्यावाले, स्पाय फॅमिली त्यातला. तो बहुतेक वेळा एकेका छोट्या भानगडीचा असतो, मागचं नीट आठवलं नाही तरी हसू येतं, म्हणून तो जसा येईल तसा वाचला तरी काही बिघडत नाही.

आणि हप्त्याहप्त्यानं गोष्ट वाचणं हे काही जपानकडून शिकायची गरज नव्हती आपल्याला. हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्यातुकड्यानंच आली होती, १८९० पासून. माझे बाबा चांदोबासाठी महिनाभर थांबायचे, वेताळ परत झाडावर जाऊन लटकला की पुढच्या अंकापर्यंत गप्प. आणि आजी अजूनही मालिकेचा एपिसोड संपला की टीव्हीला शिव्या देते, पण मोबाईलवर पुढचा एपिसोड आधीच दिसतो म्हणून दाखवला तर म्हणाली, नको, उद्या पाहीन, आज काय ते झोपताना विचार करायला राहू दे. आजीला वीकली रीडिंग जेवढं कळतं तेवढं मला अजून कळायचंय.

हिशोब करून बसा

एक साप्ताहिक चॅप्टर वाचायला मला पाच मिनिटं लागतात. एका व्हॉल्यूममधे असे नऊ-दहा चॅप्टर, दोनशेच्या आतबाहेर पानं, म्हणजे पाऊण तास धरा. डेथ नोट १२ व्हॉल्यूमचा आहे, त्यात मजकूर फार म्हणून जास्त वेळ लागतो, तरी एका शनिवार-रविवारात होतो. फुलमेटल अल्केमिस्ट २७ व्हॉल्यूम, म्हणजे वीस तासाच्या वर. वन पीस १९९७ पासून चालू आहे आणि ११०० चॅप्टरच्या पुढे गेलाय, तर पाच मिनिटानं गुणा, नव्वद तासाच्या वर जाते गाडी. नव्वद तास म्हणजे रोज दोन तास वाचले तरी दीड महिना. हे आधी माहीत असलं की "ह्या वीकेंडला वन पीस संपवतो" असला भैताडपणा करत नाही माणूस. माझ्या एका मित्रानं सेमिस्टरच्या परीक्षेच्या बारा दिवस आधी सुरू केला होता. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

नागपूर मेट्रोचाही हिशोब करता येतो. मी कॉलेजला असताना हिंगण्याच्या बाजूनं यायचो, लोकमान्य नगरपासून बर्डीपर्यंत ॲक्वा लाईननं चार चॅप्टर आरामात व्हायचे, आणि बर्डीला ऑरेंज लाईन पकडायला जिने चढता-उतरताना पाचवा उघडायचा मोह व्हायचा. तो उघडू नका. एक तर पडाल, नाहीतर स्टेशन हुकेल.

साठवून वाचायचं असेल तर

ह्यातच सगळ्यात जास्त लोक चुकतात, मी पण चुकलोय, म्हणून जरा सविस्तर.

पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट, चॅप्टरच्या शेवटी थांबू नका. ऐकायला उलटं वाटते पण बघा. आपण म्हणतो "हा चॅप्टर झाला की झोपतो", आणि चॅप्टर तर बनवलाच आहे असा की शेवटी तुम्ही झोपू नये. पंधरा-वीस वर्षं हेच काम करणारा माणूस आहे तो तिकडे, त्याच्यापुढे तुमच्या निश्चयाचं काय चालणार. म्हणून पुढचा चॅप्टर उघडायचाच, पण पूर्ण वाचायचा नाही. मी एकदा मुद्दाम पान मोजत बसलो होतो. मागच्या चॅप्टरला दारात कोण उभं आहे ते पहिल्या दोन-तीन पानात कळतं, मग थोडी आरडाओरड, आणि सातव्या-आठव्या पानाच्या आसपास मंडळी जरा बसून बोलायला लागतात. आता काय करायचं, कुठे जायचं, असलं काहीतरी. तिथे फोन ठेवायचा. मधेच. डोकं शांत असतं, दुसऱ्या दिवशी परत धरायला सोपं जातं आणि रात्रीचे तीन वाजत नाहीत. दरवेळी सातवंच पान असेल असं नाही, पण ती बसून बोलायची जागा बहुतेक चॅप्टरमधे सापडते. ज्यात सापडत नाही तो लढाईच्या भर मधला असतो, तिथे माझाही इलाज नाही.

दुसरं, चॅप्टर मोजू नका, व्हॉल्यूम मोजा. दिवसाला तीन, फार तर चार. व्हॉल्यूमच्या मधे कव्हर असतं, लेखकाच्या दोन ओळी असतात, कधी फालतू जोक काढलेली जादा पानं असतात, ते सगळं वगळून पळू नका, तिथे पाणी प्या, गॅलरीत जाऊन या. आणि साठवून वाचणाऱ्याला पुस्तकातून वाचण्यात अजून एक फायदा आहे. अंकात घाईत छापलेलं चित्र पुष्कळदा व्हॉल्यूममधे दुरुस्त होऊन येतं. हंटर हंटरचे काही चॅप्टर तर अंकात जवळजवळ पेन्सिलच्या कच्च्या रेघोट्यांसारखे आले होते आणि पुस्तक निघालं तेव्हा नीट काढलेले होते. थांबणाऱ्याला चांगलं पान मिळालं. आता इंग्रजी व्हॉल्यूम विकत घेणं खिशाला झेपतं असं नाही, २७ व्हॉल्यूम घ्यायचे म्हणजे गाडीची सर्व्हिसिंग, टायर आणि वर इन्शुरन्स असा सगळा हिशोब होतो, म्हणून आम्ही चौघं मित्र वाटून घेतो. एकानं एक ते पाच, दुसऱ्यानं सहा ते दहा. भांडणं होतात, एकाच्या प्रतीवर सावजीच्या रश्शाचा डाग आहे, पण चालते.

तिसरं, नावं. माझा पिक्सिस ह्यातच गेला. जपानी मांगामधे एकाच माणसाला एक जण आडनावानं बोलावतो, दुसरा नावानं, तिसरा पदानं, आणि लहान बहीण चौथंच काहीतरी म्हणते. आपल्याकडे नाही का, एकाच माणसाला आई बंडू म्हणते, ऑफिसमधे तो देशमुख साहेब आणि वहिनींच्या माहेरी जावईबापू. आपल्याला तिघं एकच आहेत हे माहीत असतं कारण आपण त्या घरात वाढलो. मांगाच्या घरात तुम्ही कालच आलात. वहीच्या मागच्या पानावर नाव, आडनाव आणि केस कसे आहेत एवढं लिहा. केस महत्त्वाचे, कारण काळ्यापांढऱ्या चित्रात चेहरे सारखे दिसतात, माणूस केसांवरून ओळखायचा. माझ्या वहीत "उभे केस, डोळ्यावर पट्टी, मास्तर, जास्त शहाणा" असं लिहिलेलं आहे आणि ज्यांनी जुजुत्सु कायसेन वाचलाय त्यांना कोण ते लगेच कळेल.

चौथं, बिनशब्दांच्या पानावर जबरदस्तीनं थांबा. सलग वाचताना डोळा फुग्यातल्या मजकुरावरून पळत असतो, जिथे मजकूर नाही तिथून तो सुळकन घसरतो. म्हणजे ज्या पानावर चित्रकाराची रात्र गेली ते पान तुम्ही अर्ध्या सेकंदात टाकून दिलं. मी आता असं पान आलं की अंगठा स्क्रीनवरून उचलतो आणि वरच्या उजव्या कोपऱ्यापासून परत बघतो, उजवीकडून डावीकडे, जसं वाचायचं असतं तसं. तीन श्वास. लढाई खरी कुठे चालू आहे, कोण कुठल्या छपरावर आहे, ते तेव्हा कळतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. मांगा प्लस ही जंपच्या प्रकाशकाची अधिकृत वेबसाईट आणि ॲप, तिथे फुकटात पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर उघडे असतात. ॲपमधे बऱ्याच चालू मालिकांचे मधले चॅप्टरही फुकट वाचता येतात, पण एकेकदाच, दुसऱ्यांदा उघडायला पैसे लागतात. म्हणजे काय, तर झोपेत, पेंगत, आईच्या हाका ऐकत वाचला तर तो चॅप्टर वाया. मी एका रात्री पंधरा चॅप्टर असे डुलक्या खात ढकलले, सकाळी उठलो तर कोण मेलं तेच आठवेना आणि परत जायला रस्ता नाही. मामेभावाला फोन करून विचारावं लागलं. त्यानं सांगितलं, पण आधी दहा मिनिटं ऐकवलं.

दर आठवड्याला वाचायचं असेल तर

जंपचा अंक जपानमधे सोमवारी येतो, आणि तिकडे रविवार संपून सोमवारचे बारा वाजले की त्याच क्षणी अधिकृत इंग्रजी चॅप्टर पण सुटतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. म्हणजे नागपुरात रविवारी रात्री साडेआठ. घरी रविवारचं मटण असतं, ताटं वाढायची वेळ आणि चॅप्टरची वेळ बरोबर एक. किती वर्षं झाली, आईला अजून कळत नाही मी रविवारी साडेआठला संडासात काहून जातो.

चॅप्टर उघडायच्या आधी मागच्या चॅप्टरची शेवटची तीन-चार पानं वाचा. नुसती सवय लावून घ्या. सात दिवसात डोक्यात बाकीचं एवढं भरलेलं असतं की आपण "हो हो आठवते" म्हणतो आणि खरं आठवत नसते. मग नवा चॅप्टर एकदा पळत वाचा, काय झालं ते कळू द्या, धडधड शांत होऊ द्या. जेवा. जेवण झाल्यावर परत, हळू. दुसऱ्या वाचनात मागच्या बाजूला उभा असलेला माणूस दिसतो, एखादं वाक्य दोन अर्थाचं होतं हे कळतं. १९ पानं आहेत, पाच मिनिटाचा माल, तो दोनदा नाही वाचला तर आठवडाभर थांबलात कशाला. आणि दोन पानं मिळून एक मोठं चित्र असेल तर फोन आडवा करा. उभ्या फोनवर ते मधून कापलेलं दिसतं, एका पानावर तलवार आणि दुसऱ्यावर मान, आणि मग लोक म्हणतात आर्ट खराब झाली.

आता स्पॉयलर, म्हणजे काय होणार ते आधीच फुटणं. अंक छापून दुकानांकडे जायला निघतो तेव्हाच पानं फुटतात, म्हणून बुधवार-गुरुवारपासूनच अर्धवट फोटो आणि घाईघाईत केलेलं भाषांतर फिरायला लागतं. ते वाचू नका. साधूसंतासारखं सांगून नाही राहिलो, पण ते भाषांतर इतकं घाईचं असतं की कोण कोणाला मारायची धमकी देतोय आणि कोण माफी मागतोय हे उलट झालेलं मी स्वतः पाहिलंय. चार दिवस भलत्याच गोष्टीवर ग्रुपमधे भांडलो आणि रविवारी कळलं की तसं काही नव्हतंच. बुधवार ते रविवार मालिकेचं आणि मुख्य पात्रांचं नाव म्यूट करून ठेवा. रील्सचं काही करता येत नाही, तिथे थंबनेलवरच कोणाचं तरी मुंडकं असतं, तर ते ॲपच चार दिवस कमी उघडा. व्हॉट्सॲप स्टेटसवाला एक मित्र प्रत्येकाकडे असतो, त्याला सरळ म्यूट करा, त्याच्याशी बोलून उपयोग नाही, मी बोलून पाहिलंय.

सुट्ट्या पण लक्षात ठेवा म्हणजे रविवारी रात्री फोन हातात घेऊन येड्यासारखं रिफ्रेश करत बसणार नाही. नवीन वर्षाला, एप्रिलच्या शेवटी गोल्डन वीकच्या सुट्ट्यांना आणि ऑगस्टच्या मधे ओबोनच्या सणाला जंप जोडअंक काढतो आणि एक आठवडा दांडी मारतो. वरून लेखकाची स्वतःची सुट्टी. वन पीसचे ओडा साधारण दोन-तीन चॅप्टरनंतर एक आठवडा थांबतात, २०२२ मधे तर शेवटच्या टप्प्याची तयारी म्हणून महिनाभर थांबले होते. ह्याचा राग धरू नका. दर आठवड्याला १९ पानं काढणं म्हणजे काय हे समजायला एकदा स्वतः एक पान काढून पाहा, मी काढून पाहिलं, घोड्याचा पाय काढायलाच संध्याकाळ गेली आणि तरी तो स्टुलासारखा दिसत होता.

वीकली वाचणाऱ्यानं तीनपेक्षा जास्त मालिका धरू नये असं माझं ठाम मत आहे. चार झाल्या की ते काम होतं, सोमवारच्या मीटिंगआधी मेल वाचून काढल्यासारखं.

आणि वीकलीची खरी मजा १९ पानात नाहीच, ती मधल्या सहा दिवसात आहे. आमचं ठरलेलं आहे, शनिवारी सकाळी धरमपेठेत पोह्याच्या ठेल्यावर जमायचं आणि प्रत्येकानं उद्या काय होणार ते ग्रुपवर लिहून टाकायचं, लिहूनच, कारण तोंडी सांगितलं की रविवारी सगळे म्हणतात मी हेच म्हटलं होतं. लिहिलेलं असलं की पळायला जागा नाही. हरला तो पुढच्या शनिवारी तर्रीपोह्याचे पैसे देतो. मी गेल्या दोन महिन्यात सात वेळा दिले आहेत. पण त्या पैजेमुळे झालं असं की मी चॅप्टर वकिलासारखा वाचायला लागलो, कोणाच्या हातात काय आहे, खिडकी उघडी का आहे, सगळं. अंदाज बांधायला वाव देणारा मांगा, म्हणजे रहस्य, डाव, डोक्याची लढाई, हा दर आठवड्यालाच वाचावा. साठवून वाचलात तर प्रश्न आणि उत्तर एकाच बैठकीत मिळतं, तुम्हाला डोकं लावायची संधीच मिळत नाही.

उलट, एकच लढाई दहा-पंधरा चॅप्टर चालते अशा मालिका दर आठवड्याला वाचून माणूस चिडतो. एका आठवड्यात एक गुद्दा, पुढच्या आठवड्यात तो गुद्दा कसा मारला त्याचं स्पष्टीकरण, तिसऱ्या आठवड्यात ब्रेक. ते साठवा. दोन महिन्यात एक व्हॉल्यूमभर माल जमतो, तेवढा जमला की बसा. साठवताना आर्क, म्हणजे गोष्टीचा तो टप्पा, संपला का हे कळायला हवं पण काय झालं ते कळायला नको, ही अडचण येते, त्यावर माझा उपाय मामेभाऊ. त्याला एवढंच विचारायचं, भांडण संपलं का? त्यानं हो किंवा नाही म्हणायचं. हसायचं नाही, भुवई उडवायची नाही, "तू वाच तर" असं म्हणायचं नाही. पहिल्या दोन वेळा त्यानं भुवई उडवली होती. आता फोनवरच विचारतो.

जिथे शेवट कधी येईल माहीत नाही

हंटर हंटर १९९८ पासून चालू आहे, आणि २०१८ च्या शेवटी थांबला तो २०२२ च्या ऑक्टोबरमधेच परत आला. बर्सर्कचे केंतारो मिउरा २०२१ च्या मे महिन्यात गेले, वय फक्त ५४, आणि पुढच्या वर्षी त्यांचे मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओतल्या लोकांनी मालिका पुढे नेली. अशा मालिका "पूर्ण झाल्या की वाचीन" म्हणून ठेवून देऊ नका. आमच्या ग्रुपमधे एक जण बर्सर्क संपायची वाट पाहत कॉलेज पास झाला, नोकरीला लागला, लग्न झालं. ह्या सावकाश वाचायच्या, महिन्यातून एक व्हॉल्यूम, पावसाळ्यात बऱ्या. तिथे घाई करून तुम्ही गाठणार कोणाला?

गाठायचं असेल तर शेवटचे दहा सोडा

चालू मालिका मागून सुरू करून आजच्या चॅप्टरला गाठणाऱ्यांसाठी हे. रोज तीस-चाळीस चॅप्टर खाणारा माणूस ज्या दिवशी ताज्या चॅप्टरला पोचतो त्या रात्री त्याची हालत वाईट असते. पान उलटवतो तर पुढे पानच नाही. रोज तीन तासाचा माल मिळत होता, आता सात दिवसात पाच मिनिटं. ह्याच आठवड्यात बहुतेक लोक मालिका सोडतात किंवा बुधवारच्या फुटलेल्या पानांकडे वळतात. त्यावर मी हे करतो, ताज्या चॅप्टरला दहा बाकी राहिले की सलग वाचणं बंद. तिथून रोज एक, रात्री जेवण झाल्यावर. दहा दिवसात पोट लहान होतं. मधे एक-दोन नवे येतात ते पण त्याच रांगेत लावायचे. मग जो रविवार येईल त्या रविवारी साडेआठला तुम्ही बाकीच्यांसोबत, आणि शनिवारच्या पैजेत नाव लिहायला मोकळे.

माझ्या लहान बहिणीनं वन पीस दिवाळीच्या सुट्टीत धरला होता, आता ती ह्या शेवटच्या दहात आहे. नियम मीच सांगितला, रोज एक. काल रात्री ती "फोन चार्जिंगला लावते" म्हणून आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं किती वाचले. म्हणाली एकच. आज सकाळी पाहिलं तर तिच्या रांगेत चार उरलेत, काल संध्याकाळी सात होते.